दुर्बिणीतलं लांबचं

स्पिरिटचा वास आला की ती दुपार आठवते. बिडकीनहून आबांना मी संभाजीनगरच्या दवाखान्यात आणलं होतं. पोटातली गाठ तोंडावाटे, दुर्बिणीनं काढायची होती. डॉक्टर म्हणाले, "नुसती गाठ सोलली तर धोका कमी, पण मूळ राहू शकतं. जठराच्या भिंतीसकट काढली तर मूळ जातं, पण भोक पडतं. ते आतूनच बंद करावं लागतं. नाही झालं तर पोट उघडायचं." आबा माझ्याकडे वळले. "घरात शिकलेली तूच. सांग की." मी चाचरत म्हणाले, "भिंतीसकट." आबा हसले, "दुर्बिणीतून लई लांबचं दिसतं म्हणं. डॉक्टरसाहेब, दिवाळीपर्यंतचं दिसतंय का?" डॉक्टर हसले नाहीत. ती दिवाळी आबांविना गेली. डॉक्टरांना तेव्हाच काही दिसलं होतं का, हे त्यांना विचारायला मला अजून धीर होत नाही.