तपासणाऱ्याची सही

एन्टरच्या बटनावर बोट धरायचं, पण दाबायचं नाही. समोरच्या माणसाकडे चष्म्यावरून बघायचं आणि विचारायचं, "पक्कं?" तो हो म्हणाला की पुन्हा, "अजून एकदा सांगा, पक्कं?" एवढं झाल्यावरच काकांचं बोट खाली जायचं. असा एखादा माणूस तुमच्याही मोहल्ल्यात असेल. त्याच्यापुढे आपली स्वतःची जन्मतारीखसुद्धा खोटी वाटायला लागते.

काका आमचे शेजारी. सगळं आयुष्य बँकेत गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या घराच्या पुढच्या खोलीत कंप्यूटर आणून ठेवला आणि बाहेर पाटी लावली, 'यहाँ कंप्यूटर से जन्मपत्रिका बनती है'. काकू म्हणायच्या, "बँक सुटली, पण ह्यांची खिडकी काही बंद होत नाही."

मी तेव्हा आठवीत होते. गल्लीतला तो एकच कंप्यूटर, आणि माझा जीव त्याच्यात अडकलेला. शाळा सुटली की दप्तर घरात भिरकावून मी काकांच्या दारात हजर. बाबांना हे मुळीच पसंत नव्हतं. "पत्रिकावाल्याकडे बसून काय शिकणार ही? एक जरी तक्रार आली ना, तर तिकडची चक्कर बंद." मी मान हलवली. मान हलवण्यात मी पटाईत होते.

बँकेची सवय काकांनी पत्रिकांनाही लावली होती. जन्माची माहिती आधी रजिस्टरमध्ये उतरवायची. ओळीच्या शेवटी दोन खाने, लिहिणार आणि तपासणार. दोन्ही सह्या झाल्याशिवाय छापायचं नाही. लिहिणार मी, तपासणार ते. "लिहिणाऱ्याकडून चूक होणारच, बेटा. तपासणाऱ्याला माफी नाही."

जन्म रात्रीचा असला की त्यांचा एक प्रश्न ठरलेला. "कुठल्या रात्रीचे दोन?" आपल्याकडे वार सूर्य उगवल्यावर बदलतो. सोमवारी रात्री दोनला झालेलं मूल घरच्यांसाठी सोमवारचंच. मशीनला मात्र बारा वाजले की मंगळवार. "मशीन विचारणार नाही. आपण विचारायचं," ते म्हणायचे.

एकदा मी त्यांची स्वतःची पत्रिका मागितली तर हसले. "माझी नाहीच. आई 'रात्री झालास' एवढंच सांगून गेली. विचारायचं राहून गेलं."

एका दुपारी काका वडिलांच्या श्राद्धासाठी राम घाटावर गेले होते. मी एकटीच होते, म्हणजे त्या दिवशी राणीच. एक आजी नातीची माहिती घेऊन आल्या. स्थळ नानाखेड्याचं होतं, पत्रिका लगेच हवी होती. "सोमवारी रात्री दोन वाजता झाली," त्या म्हणाल्या आणि तारीख सांगितली. मी काही न विचारता सोमवारचीच तारीख भरली, वेळ रात्रीचे दोन. काकांची सही नव्हती, तरी छापून दिली. आजींनी गालावरून हात फिरवला, "किती हुशार गं तू." मी दिवसभर हवेत.

पंधरा दिवसांनी त्याच आजी आपल्या मुलाला घेऊन आल्या. नानाखेड्याच्या लोकांनी गुण जुळत नाहीत म्हणून नकार कळवला होता, आणि मग घरातल्या पेटीत गुरुजींनी केलेली जुनी पत्रिका सापडली होती. "तुमच्या मशीननं आमच्या पोरीचं नक्षत्रच बदललं," आजी म्हणाल्या. त्यांचा मुलगा तापलेला. "किसने भरी थी? रजिस्टर दिखाओ."

काकांनी रजिस्टर काढलं. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. ओळ माझ्या अक्षरातली, आणि तपासणारचा खाना कोरा. काकांनी ते एक क्षण पाहिलं. रजिस्टर स्वतःकडे कललेलं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, कोऱ्या खान्यात सही केली आणि मग रजिस्टर आजींकडे फिरवलं.

"तपासणार मी. ही माझी सही. गलती मेरी है."

ज्या माणसानं बँकेत न पाहिलेल्या कागदावर कधी सही केली नव्हती, त्यानं माझ्यासाठी ती केली. त्याच संध्याकाळी सायकलवर नवी पत्रिका घेऊन ते नानाखेड्याला गेले. तोवर त्या लोकांनी दुसरीकडे शब्द दिला होता. त्या मुलीचं पुढे लग्न झालं, पण आजी काकांशी पुन्हा बोलल्या नाहीत. पाटीखालची गर्दीही ओसरली.

दुसऱ्या दिवशी मी रडतच गेले. "बाबांना सांगते मी. माझीच चूक आहे."

"तुझे बाबा काय म्हणाले होते? एक तक्रार आली तर बंद, हो ना? तक्रार माझी आली आहे, तुझी कुठे?" त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस. आता विचारल्याशिवाय तुझं बोट पुढे जाणार नाही."

नाहीच गेलं. आज मी इंदूरला दवाखान्यांचं सॉफ्टवेअर तपासते. नवीन काही आलं की माझा पहिला प्रश्न, रात्री बारानंतर झालेलं बाळ कुठल्या तारखेला धरलंय? ऑफिसातले हसतात. हसू देत.

नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन गेले होते. कंप्यूटर बिघडून चादरीखाली गेला होता, काकांना नीट दिसत नव्हतं. मी म्हणाले, "काका, त्या सहीचं..." त्यांनी हात वर केला. "पक्कं झालेलं पान पुन्हा उघडायचं नाही." मग पेढा खाल्ला, आणखी एक मागितला. नंतर मी जाईन जाईन म्हणत राहिले. इंदूर ते उज्जैन, अंतर ते किती, आणि मला वेळ झाला नाही. ह्याचं मला फार वाईट वाटतं.

मागच्या आठवड्यात सकाळी सातला त्यांच्या मुलाचा फोन आला. "ताई, बाबा गेले. सोमवारी रात्री अडीचला. तिथी बघून सांगाल? आता दुसऱ्या कोणाला विचारू?"

रडू यायच्या आधी माझ्या तोंडून निघालं, "कुठल्या रात्रीचे अडीच?"

तो मग म्हणाला, "मंगळवार उजाडायचा होता, ताई."

"पक्कं?"

"पक्कं."

मी कागदावर वार, तारीख, वेळ लिहिली. सवयीनं शेवटी दोन खाने पाडले. लिहिणारच्या खाली सही केली आणि शेजारच्या कोऱ्या खान्याकडे बघत बसले.