किडे शिकणाऱ्या पोरीसाठी कॉलेज पाहायला: अमरावती, मग अकोला

आणि वरून मलाच विचारतात, "पोरीले नीटच्या परीक्षेले काहून नाही बसवलं?" बायोलॉजी घेतली म्हणजे डॉक्टरच व्हायचं, असं कोणी ठरवलं? शेजारीण विचारते, गिरणीवाला विचारतो, लग्नात जेवायला बसलं तर बाजूच्या पाटावरची अनोळखी बाई विचारते. प्राजू बारावी झाली तेव्हापासून उत्तरं देऊन माझं तोंड दुखलं. तिला डॉक्टर नाही व्हायचं. तिला किडे शिकायचे आहेत. हसायचं तर हसा, पण हसून झाल्यावर पुढचं वाचा, तुमच्याही घरात अशी एखादी पोर असेल.

आम्ही बडनेऱ्याजवळचे. झेंडू आणि भाजीपाला. मी सातवी नापास, हे सगळं मोबाइलमध्ये बोलून लिहिते, शुद्धलेखन प्राजू पाहते. गेल्या हिवाळ्यात कोबीवरच्या अळ्या मी बोटानं चिरडत होते. एका अळीला पांढऱ्या दाण्यांचा गुच्छ चिकटलेला. म्हटलं, अंडी घातली मेलीनं. चिरडणार तर प्राजूनं हात धरला. "आई, अंडे नाही हे. बारक्या माशीचे कोष आहेत. अळीले आतून खाऊन बाहेर आले. राहू दे, पुढच्या अळ्या याच मारतीन." तेव्हापासून ती कोबीत जास्त आणि घरात कमी.

तिनं बी.एस्सी.साठी सात कॉलेजं काढली. आम्ही वांगी निवडतो तसे तीन ढीग केले: मिळणं कठीण, मिळेलसं वाटतं, आणि हमखास. यांना, म्हणजे तिच्या बापाला, वाचून दाखवलं. म्हणाले, "अमरावतीत शिकू दे, संध्याकाळी घरी. अकोल्याचं पाहू." यांनी 'पाहू' म्हटलेली गोष्ट लग्नापासून आजपर्यंत मी काही पाहिली नाही. म्हणून म्हटलं, आपणच जाऊन पाहावं.

पहिला दिवस अमरावती. ऑटोनं गेलो. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. टीप लिहून घ्या: जूनमध्ये कॉलेज पाहायला जायचं तर दुपारच्या आत परत फिरा, आणि ऑफिसच्या खिडकीपुढं सावली नसते, छत्री न्या. पहिल्या कॉलेजात खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "वेबसाइट पाहा." मी म्हटलं, "भाऊ, आमी वेबसाइटवर नाही राहणार, इथं येणार." तेव्हा आत सोडलं.

दुसरं कॉलेज मला फार आवडलं. चकचकीत फरशी, पंखे चालू, प्रयोगशाळेत ओळीनं मायक्रोस्कोप, प्रत्येकावर निळं कव्हर. मी तिथंच ठरवलं, हेच एक नंबर. प्राजूनं तिथल्या शिपायाला विचारलं, "काका, हे पोरायच्या हातात केव्हा देतात?"

"परीक्षेच्या टायमाले," तो म्हणाला. "खराब होतात नं मंग."

मी म्हटलं, बरोबर आहे, माल जपून ठेवतात. प्राजू तोवर दाराबाहेर. येताना गिला वडा खाल्ला. थंड दह्यातला, तेवढंच काय ते दिवसभरात गोड लागलं.

दुसरा दिवस अकोला. बडनेऱ्याहून एसटी धरली, बायकांना अर्धं तिकीट. मूर्तिजापूरच्या स्टँडवर आलूबोंडा गरम मिळतो, पाणी मात्र घरचं न्या. बाजूला एक बाई बसली होती, पोरीच्या हातातली फाइल पाहून म्हणाली, "ॲडमिशन का? कायची?"

"प्राणीशास्त्र."

"म्हणजे नीट..."

"नाही हो मावशी," प्राजू म्हणाली, "डॉक्टर झाली तर माणसायचेच नखरे पाहा लागते. त्याच्यापेक्षा अळ्या बऱ्या."

बाईनं तोंड खिडकीकडं केलं ते अकोल्यापर्यंत. पोर माझीच आहे.

अकोल्यात उतरलं की भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं. कॉलेज जुनं. भिंतीचा रंग उडालेला, स्टुलं डुगडुगतात, मायक्रोस्कोप आमच्या फवारणीच्या पंपाहून म्हातारे. मी मनात ते तिसऱ्या ढिगात टाकून मोकळी. सुट्टी होती, तरी तीन पोरी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेल्या. एकीनं प्राजूला हाकच मारली, "ये, पाह्य. डासाची अळी आहे. पण स्क्रू जोरात नको फिरवू." प्राजू वाकली ती वाकलीच. मी दारात उभी, पाय सुजलेले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "जुना माल आहे. अमरावतीचं वर ठेव."

"आई, घरी दोन खुरप्या आहेत. एकीची मूठ खरबडी, एकीची गुळगुळीत. तुई कोणती?"

"गुळगुळीत."

"काहून?"

रोजच्या हातानं मूठ झिजते म्हणून. त्या मायक्रोस्कोपचा स्क्रू मीही पाहिला होता, बोटांनी घासून पांढरा पडलेला. अमरावतीतलं निळं कव्हर आठवलं. बाजारात मी गिऱ्हाइकाला वरचा चांगला थर दाखवते, आणि काल स्वतःच वरचा थर पाहून भुलले.

मुलींचं होस्टेल मागंच आहे. खोल्या बारक्या, पण जाळ्या धड, आणि नळाला पाणी होतं, मी स्वतः सोडून पाहिलं. वॉर्डनबाई म्हणाल्या, "मंगळवारपर्यंत अर्ज द्या. आई-वडील दोघांची सही."

"माई एकटीची नाही चालत?"

"चालली असती तर बरंच झालं असतं, ताई. पण नाही."

परतीच्या एसटीत उभं राहून आलो. घरी पोचलो तर हे ओसरीत बसलेले. प्राजूनं पाणी पिण्याआधी सांगितलं की अकोला पहिल्या नंबरवर. हे म्हणाले, "आन् पहाटे फुलं कोण तोडीन?" पोरीचा चेहरा पडला. ती उठून आत गेली. मग मला म्हणाले, "पाहू."

प्रश्न त्यांचा खोटा नाही. पहाटेचा झेंडू तोडायला आम्ही दोघीच असतो, आणि माझी कंबर आता ऐकत नाही. ती गेली तर एक वाफा कमी लावावा लागेल. त्याचा विचार मी मूर्तिजापूरपासून उभ्या-उभ्या करत आले. लावू कमी. मी एकटी तोडीन, उशिरा तोडीन, पण तोडीन.

तर प्राजूचे पप्पा, हे प्राजू तुम्हाला वाचून दाखवणार आहे, म्हणून इथंच लिहिते. अर्ज भरून देवाच्या फळीवर ठेवला आहे. खाली माझी सही केली आहे, वाकडी आहे पण माझी आहे. तिच्या बाजूची जागा रिकामी आहे. सोमवारी बाजारातून आल्यावर, जेवायला बसायच्या आधी, मले हो का नाही ते सांगा. 'पाहू' चालणार नाही. मी पाहून आली.