माती उतरवणारे लतीफ मिस्त्री

मल्हारशेटने लतीफ मिस्त्रींना फसवले. पैशात फसवले असते तर मी इतका जळलो नसतो; धंद्यात ते चालते आणि त्याला औषधही असते. त्याने मिस्त्रींचे नाव बुडवले आणि आमच्या साखर पेठेने काठावर बसून ते पाहिले. ज्यांनी मिस्त्रींना कधी पाहिले नाही त्यांना माणूस कोण होता ते कळावे, म्हणून लिहितो.

मिस्त्री माळवदे घालत. तेव्हा सोलापुरात बहुतेक घरांवर माळवदच असे. खाली लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि सगळ्यांत वर गावठाणातली खारी पांढरी माती चोपून बसवलेली. मी सुताच्या दुकानात हमाल म्हणून लागलो आणि पुढे स्वतःचे दुकान थाटले. घर घेतले ते जुने आणि गळके. बायकोचे दिवस भरत आले होते, आणि बाळंतिणीसाठी जी खोली ठेवली तिच्यातच धार लागायची. पावसाळा तोंडावर, म्हणून माळवद घालणाऱ्यांना बोलावू लागलो.

पहिला आला, वर चढला, पाय आपटून म्हणाला, "दोन गाड्या माती टाकू, शेट." दुसरा म्हणाला तीन गाड्या. मग लतीफ मिस्त्री आले. मेंदीने रंगवलेली दाढी, कानात अत्तराचा बोळा, चाल अशी की जणू लग्नाला आलेत. जिन्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. बाळंतिणीच्या खोलीत गेले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि जमिनीवर उताणे पडले. बराच वेळ हालचाल नाही. बायकोला वाटले म्हाताऱ्याला चक्कर आली. ती तांब्या घेऊन धावली.

"पानी नको, भाबी," ते पडल्यापडल्याच म्हणाले. "चा टाका. गूळ जास्ती."

मी भडकलो. "मिस्त्री, गळतंय वर. इथं झोपून काय बघताय?"

"छत नीचे से देखना, शेट. ऊपर से तो कौवा बी देखता."

भाव ठरवायची वेळ आली तेव्हा मी नेहमीसारखा निम्म्यापासून सुरुवात केली. माझ्यापुढे भलेभले व्यापारी घामाघूम होतात. मिस्त्रींनी चहा संपवला, टोपी घातली आणि चालू लागले. मीच कोपऱ्यापर्यंत मागे गेलो. "अहो, काही कमी-जास्त?"

"हौ, कमी करतो की," ते म्हणाले. "मग अर्धीच माती उतरवतो. कुठली अर्धी ठिवू? भाबीच्या डोक्यावरची का तुमच्या?"

"उतरवणार? मी माती टाकायला बोलावलंय!"

"ती टाकायला गाढव बी येतंय. हर साल समदे टाकतात. आज्यानं टाकली, बापानं टाकली, आता तुमी टाका. उतरवली कुनी? तुळई लाकडाची हाय, शेट, हत्तीची न्हाई."

एवढेच त्यांचे सूत्र होते. आधी उतरवायची, मग चढवायची. पण पेठेत कुणाच्या गळी ते उतरत नसे. जितकी माती जाड तितके घर कोरडे, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. पाऊस तोंडावर आला असता कुणी आपल्या डोक्यावरची माती पाट्या भरभरून खाली ओतू लागला, तर कुणाचा जीव थाऱ्यावर राहील? माझा राहिला नाही. गुडघाभर मातीचा थर निघाला. मी अंगणात उभा राहून ओरडत होतो आणि मिस्त्री वरून माझ्या मातीला नावे ठेवत होते. "ही कुनी टाकली? शेतातली काळी हाय! ह्यात ज्वारी पेरा, शेट, झकास येईल!"

बाळंतिणीच्या खोलीवर नुसत्या फळ्या उरल्या आणि नेमका त्या दुपारी वळीव आला. मी दुकानातले गोणपाट वर फेकले. गडी ते पसरू लागले, पण वाऱ्याने एक कोपरा राहीना. मिस्त्री त्या कोपऱ्यावर सरळ पालथे पडले. खाली बायको कळा देत होती, सुईण तिच्याजवळ होती आणि वर हा म्हातारा भिजत पडलेला. पावसाने जोर धरला तेव्हा बायकोच आतून ओरडली, "अहो, त्यांना खाली बोलवा. मरतील ते!"

"उठतो की, भाबी," फळ्यांच्या फटीतून आवाज आला. "आधी तुमी मोकळ्या व्हा."

पाऊस थांबायच्या आत आमची मुलगी चंपा झाली. खोलीत थेंब पडला नाही. मिस्त्री खाली उतरले तेव्हा दाढीची मेंदी सदऱ्यावर ओघळली होती आणि त्याच गोष्टीवर ते चिडले होते. "समदा रंग गेला," म्हणाले. "आता घरी काय तोंड दाखवू?" त्या दिवसापासून मी त्यांच्याशी घासाघीस केली नाही. ज्यांना मी माहीत आहे त्यांना याचा अर्थ कळेल.

मल्हारशेटच्या चाळीचे काम त्यांना माझ्या शब्दावर मिळाले. चाळीत विणकरांची बिऱ्हाडे. मिस्त्रींनी पहिल्या दोन खोल्यांची माती उतरवली, नवी पांढरी चढवली. जुनी माती गाड्यांनी गावाबाहेर न्यायची होती. मल्हारशेट म्हणाला, "मिस्त्री, आता पुरे. बाकीचं पुढच्या वर्षी बघू." मिस्त्री घरी गेले. मल्हारशेटने गाड्यांचे भाडे वाचवले. मजूर लावून ती सगळी उतरवलेली माती पुढच्या खोल्यांच्या माळवदांवर टाकून घेतली. फुकटात जाड माळवद झाले, याचा त्याला आनंद.

श्रावणात झड लागली. माती भिजून जड झाली आणि तिसऱ्या खोलीची तुळई मोडली. यल्लम्मा मागावर बसली होती. ती वाचली, पण उजवा हात मागात चिरडला. त्या हाताने पुन्हा धोटा फेकला गेला नाही.

मारुतीच्या पारावर पेठेतले पंच बसले. मल्हारशेटने एकच विचारले, "माझ्या चाळीची माती कुणी काढली?"

"मी काढली," मिस्त्री म्हणाले.

"ऐकलंत? माती काढली म्हणून छत पडलं."

लोकांनी माना डोलावल्या. त्यांच्या मनात ते आधीपासूनच होते. यल्लम्मा हात गळ्यात बांधून उभी होती. ती म्हणाली, "अय्यो, ह्यांनी माझी खोली शिवलीच न्हाई! माती नंतर पडली, शेटच्या मान्सांनी टाकली. मी बगितलं की!" एका पंचाने तिला सांगितले, "बाई, तू दुखण्यात आहेस. घरी जा." महिनाभरात तिला मल्हारशेटची चाळ सोडावी लागली. मी उठून मल्हारशेटच्या अंगावर गेलो, तर चौघांनी मला धरून बसवले. "तुमचा स्वभाव तापट," म्हणाले. माझ्या स्वभावावर बोलणे झाले आणि बैठक उठली.

परतताना मी शिव्या देत होतो. घराशी आल्यावर मिस्त्री म्हणाले, "शेट, त्यानं बराबर सवाल विचारला. दुसरा सवाल कुनी विचारलाच न्हाई."

त्यानंतर त्यांना कुणी बोलावले नाही. जी माळवदे त्यांनी घातली होती त्यांचेही मालक गप्प बसले. गल्लीतून जाताना पूर्वी एखाद्या जाड माळवदाकडे पाहून मोठ्याने म्हणत, "ह्याचं पोट फुटनार!" आता मान खाली घालून जात. दाढीची मेंदी बंद झाली. दाढी पांढरी झाली आणि एकदम थकलेले दिसू लागले. माझ्या घरी मात्र दर चैत्रात यायचे. मी बोलवत नसे, तेही विचारत नसत. टोपी काढून बाळंतिणीच्या खोलीत उताणे पडत. चंपा चालू लागल्यावर त्यांच्याशेजारी तशीच पडायची आणि विचारायची, "चाचा, काय दिसतं?"

"तुजा जन्म दिसतो, बेटी. गप पड, बगू दे."

शेवटच्या चैत्रात त्यांना दोघांनी धरून आणले. पडले, पाहिले, पण उठताना हात माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाले, "आनखी दोन बरस काय व्हत न्हाई. मग मातर उतरवा. नवा मिस्त्री बगताना भाव नका बगू, शेट. उतरवतो म्हनला तर ठिवा. टाकतो म्हनला तर जाऊ द्या."

पावसाळ्याआधीच ते गेले. मी जनाज्याला खांदा दिला. पेठेतले फारसे कुणी नव्हते. यल्लम्मा रस्त्याच्या कडेला उभी होती, डाव्या हाताने पदर धरून.

मल्हारशेट अजून आहे. चाळीवर त्याने आता पत्रे घातलेत. संध्याकाळी पारावर बसतो, लोक त्याला रामराम करतात. ते पंचही बहुतेक आहेत. माझा स्वभाव तापट आहे, कबूल. म्हणून हे रागाच्या भरात बोलत नाही, सावकाश लिहून विचारतो. मल्हारशेट, तिसऱ्या खोलीवर ती माती कुणाच्या सांगण्यावरून गेली? आणि पंचांनो, यल्लम्मा सांगत होती तेव्हा तुम्ही तिला घरी का पाठवलेत? मला घरी येऊन कानात सांगू नका. ज्या पारावर मिस्त्रींना "मी काढली" म्हणायला लावलेत, त्याच पारावर, चारचौघांत, मोठ्याने सांगा.