शिवणयंत्राचं तेल आणि शंभरची लेन्स

आता काय सांगू तुम्हाला! चहा गार झाला तरी चालेल, पण माझा हा पराक्रम ऐकाच. इतकी वर्षं झाली, अजून आठवलं की कान गरम होतात माझे.

स्कूटरला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, त्या काळातली गोष्ट. नागपूरच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेत हंगामी सहायक होतो. आमच्या विभागप्रमुख सरांनी अर्ज करकरून एक नवा सूक्ष्मदर्शक मिळवला होता.

"लेन्सवरचे आकडे समजतात ना तुले?" सरांनी विचारलं.

"हो सर!"

ओ की ठो कळत नव्हतं! पण मला कायम व्हायचं होतं, आणि शिफारस सरांच्या हातात. नाही कसं म्हणणार?

आली खंडेनवमी. शिपाई शामरावजी यंत्रांच्या पूजेला हळदकुंकू घेऊन आले. मी लेन्स बघितल्या. चार, दहा, चाळीस, शंभर. खाली बारीक अक्षरांत १६० आणि ०.१७. आणि शंभरच्या लेन्सवर इंग्रजीत चक्क लिहिलेलं, ऑईल!

माझे वडील सीताबर्डीत शिंपी. आमच्याकडे खंडेनवमीला शिवणयंत्राला आधी तेल, मग हळदकुंकू. म्हटलं, वा, कंपनीलाही रीत ठाऊक आहे! सायकल मारत दुकानात गेलो, तेलाची कुप्पीच घेऊन आलो.

"बाकी तिघींवर तं तेलाचं लिवलं नाही," शामरावजी म्हणाले.

"लहान आहेत त्या. जागा पुरली नसेल."

"हाव. अन् सणासुदीले एकीलेच तेल, बाकीच्या कोरड्या, बरं नाही दिसत गा."

झालं! चारही लेन्स काढल्या, उलट्या धरल्या, प्रत्येकीवर भरपूर तेल सोडलं. वर डोळा लावायच्या नळीला हळदकुंकू.

दसऱ्यानंतर प्राचार्य सूक्ष्मदर्शक बघायला आले. सरांनी घाईत, स्वतः न बघताच, कांद्याचा पापुद्रा लावून ठेवला होता. प्राचार्य वाकले.

"काहीच दिसून नाही राहिलं हो. नुसतं धुकं!"

"साहेब, मोठी लेन्स लावा," मी मध्येच हुशारी केली. शंभरची लावली. आणखी दाट धुकं! प्राचार्यांनी मान वर केली, तर डोळ्याभोवती लालभडक कुंकवाचं कडं. तसेच निघून गेले. सांगायची हिंमत कुणाची?

सरांनी लेन्सवरून बोट फिरवलं, वास घेतला. "काय टाकलं बाबा?"

"तेल, सर. शिवणयंत्राचं."

वाटलं, आता गेली नोकरी. पण सर ओरडले नाहीत हो! खुर्चीत बसून हळू आवाजात म्हणाले, "१६० म्हणजे नळीची लांबी. ०.१७ म्हणजे नमुन्यावर ठेवतो त्या पातळ काचेची जाडी. तेल फक्त शंभरले, तेही वेगळं, अन् थेंब काचेवर ठेवायचा. तू विचारलं काहून नाही?"

आठवडाभर ते स्वतः लेन्स पुसत होते आणि मी बाजूला कापूस धरून उभा. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं! वर शिफारसही दिली त्यांनी. त्याची तर जास्तच लाज वाटली.

पुढे सरांनी कपाटावर आकड्यांचे अर्थ लिहून चिकटवले. शेवटची ओळ लाल शाईत: 'शिवणयंत्राचे तेल घालू नये.'

बऱ्याच वर्षांनी मी ऐटीत तेच आकडे समजावत होतो, तर पहिल्या वर्षाची एक मुलगी कपाटावरची लाल ओळ वाचून खुदकन हसली. "सर, शिवणयंत्राचं तेल टाकणारा असा गाढव कोण असते?"

मी खोकलो. खिडकीशी शामरावजी काचा पुसत होते. मागे न बघताच म्हणाले, "त्यालेच तं विचारून राहिली वं, पोरी!"