नवीन काय ऐकू?

सदाशिव पेठेतल्या कॅसेटच्या दुकानात काउंटरमागे एक गृहस्थ उभे असत. हिंजवडीत नोकरी लागल्यापासून मी दर शनिवारी त्यांच्याकडे जाई. "नवीन काय ऐकू?" असं विचारलं की भजनं नेणाऱ्याला ते सरोद देत, गझलवाल्याला जॅझ. "दोनदा ऐका, मग नावं ठेवा," म्हणत. कॅसेट लावली की गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहत.

एकदा मशीनमध्ये टेप अडकली आणि गाणं भेसूर ओढल्यासारखं वाजू लागलं. ते मात्र शांतपणे माझ्याकडेच बघत होते. शेवटी मीच मशीन बंद केलं.

"तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"दीड वर्ष झालं," ते हळू म्हणाले. "बोलणं ओठांवरून कळतं. गाणं कसं आहे ते तुमच्यासारख्यांच्या तोंडावर दिसतं, तेच पुढच्याला सांगतो. मालकांना सांगू नका."

मी सांगितलं नाही. पण त्यांना बरं वाटावं म्हणून त्यानंतर प्रत्येक गाण्याला हसून मान डोलावू लागलो. महिन्याभरात त्यांनी माझ्यासाठी कॅसेट लावणं बंद केलं.

"काय हवं ते तुम्हीच सांगा, बांधून देतो," ते म्हणाले. "तुमच्या चेहऱ्यावरून आता मला काही कळत नाही."