दाराबाहेरचं सामान

कतारमधल्या मेसईदच्या आमच्या कॉलनीत एक पद्धत होती. कुणी कायमचं भारतात निघालं की नेता न येणारं सामान शेवटच्या आठवड्यात दाराबाहेर ठेवायचं. ज्याला हवं त्याने न विचारता उचलावं. माझा मिक्सर, इस्त्रीचं टेबल, मुलीची पहिली सायकल, सगळं असंच आलं. घरात आम्ही विकत काय आणलं होतं, ते आठवावंच लागेल.

मग चोऱ्या सुरू झाल्या. आधी सायकली गेल्या, मग एका अंगणातून एसीचं बाहेरचं युनिट. इथे गाडीत पर्स विसरली तरी जागेवर सापडते, अशी फुशारकी पुण्याला फोनवर मारणारे आम्ही. आम्हाला तो अपमानच वाटला. मीटिंग झाली. यापुढे तक्रार थेट पोलिसांत, कॉलनीत मिटवामिटवी नाही, कुणाची रदबदली नाही. आमचे हे समितीवर, त्यामुळे सगळ्यांत मोठा आवाज यांचा. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या, मीही.

शेजारी रत्नागिरीकडचं कुटुंब होतं. तो प्लांटमध्ये फोरमन. भाभी घरी शिवणकाम करायची, माझ्या मुलीचे फ्रॉक तिच्याच हातचे. तिची मशीन कुरकुरायला लागली होती. एका संध्याकाळी तिच्या नवऱ्याला समोरच्या घराबाहेर खोक्यांच्या शेजारी चांगली शिलाई मशीन दिसली. त्याने ती घरी आणली. भाभीने पुसून, तेल घालून मला कौतुकाने चालवून दाखवली.

पण समोरच्या घरातून कुणी जात नव्हतं, नवं कुटुंब येत होतं. अर्धं सामान आत टाकून ते जेवायला गेले होते. परत येऊन बघतात तर मशीन नाही. त्यांनी गेटवर सांगितलं आणि गेटवरच्या माणसाने नव्या नियमाप्रमाणे पोलिसांना फोन केला. मशीन भाभीकडे सापडली आणि पोलीस तिच्या नवऱ्याला घेऊन गेले.

"ह्यांनी भायेर बघितलानी म्हणून उचललानी ओ वहिनी," भाभी रडत आली. "दादांना सांगा ना. नोकरी जाईल ह्यांची."

दुसऱ्या दिवशी दोह्याहून आपल्या मराठी मंडळातले एक ज्येष्ठ काका आले. त्यांचं मागणं साधं होतं. समितीतल्या दोघांनी त्यांच्याबरोबर कंपनीत जाऊन इथली पद्धत समजावून सांगावी, बस. समोरच्या घरातला तो नवा माणूसही शरमून आला होता. "मुझे किसी ने बताया ही नहीं," म्हणाला.

"पहिल्याच वेळी नियम वाकवला तर उद्या कोण मानेल?" हे म्हणाले. "आणि काका, कॉलनीचं आम्ही बघू. बाहेरच्यांनी यात पडू नये."

"बाहेरचा मी, की हा तुमचा शेजारी?" काकांनी विचारलं.

"अहो, आपला मिक्सर कुठून आलाय?" मी चहा ठेवता ठेवता म्हटलं.

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती," हे म्हणाले. कसली वेगळी? माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण चारचौघांत मी गप्प बसले. आज वाटतं, भांडायला हवं होतं.

पोलिसांनी त्याला लवकरच सोडलं, मशीनही परत गेली. पण कंपनीने कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. शाळेला सुट्टी लागताच ते निघाले.

शेवटच्या आठवड्यात भाभीने रीतीप्रमाणे सामान बाहेर ठेवलं. कुकर, घडीची कॉट आणि तिची ती जुनी मशीन. लोक खाली मान घालून पुढे जात. कुणी हात लावला नाही. सगळ्यावर वाळूचा थर बसला.

मला ती मशीन हवी होती. आठवण म्हणून, दुसरं काय! पण मीही उचलली नाही. बेल वाजवून विचारलं.

"थांबा, मी येते बरोबर," भाभी म्हणाली. "उगाच तुम्हाला कोण काय बोलायला नको."

तिने एका बाजूने मशीन धरली, मी दुसऱ्या. भर दुपारी रस्त्याने आणून ती आमच्या हॉलमध्ये ठेवली. हे सोफ्यावर बसले होते.

"दादा," ती म्हणाली, "मी दिलेय हां ही. माझ्या हातानं."

यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.