सांडोरच्या क्रूसावरचं नाव

एकोणऐंशी सालच्या मे महिन्यात मी पुण्याहून वसईला निघालो, तेव्हा पिशवीत एक भिंग, एक ब्रश आणि भरपूर घमेंड होती. जुनी मोडी मला लागली नाही, असं कधी झालं नव्हतं. सांडोरच्या पेद्रूकाकांनी पत्रात लिहिलं होतं, 'आमच्या वाडीतल्या क्रूसावर जुनी अक्षरं आहेत. येऊन वाचाल का?'

पहाटे एस.टी.च्या थांब्यावर काका स्वतः घ्यायला आले. सत्तरीचे, पण केळीच्या बागांमधून असे झपाझप चालले की माझी दमछाक झाली.

"मे महिन्यात क्रूसापाशी आम्ही रोजरी (जपमाळेची प्रार्थना) करतो," ते म्हणाले. "शेवटी ज्यानं क्रूस उभा केला त्याच्या आत्म्यासाठी मागतो. पण त्याचं नाव कोणालाच ठाऊक नाय. माझ्या बापाला पण नव्हतं. आज संध्याकाळी नाव घेऊन मागू, मास्तर. सगळ्या वाडीला सांगून ठेवलंय."

काकूंनी चहाबरोबर सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी) दिली. मी निर्लज्जपणे पाच खाल्ली.

क्रूसाच्या चौथऱ्यावर चुन्याचे थरावर थर चढले होते. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरांच्या पुसट खाचा दिसत होत्या. तासाभरात सुरुवातीचं 'हा क्रूस' लागलं, शेवटचं 'बांधिला' लागलं. मधलं नाव तेवढं चुन्यात बुजलेलं. ऊन वर चढलं तशा खाचाही दिसेनाशा झाल्या.

अशा वेळी कागद लावून ठसा घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हाची वाट पाहायची, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवतो. पण संध्याकाळी सगळ्या वाडीसमोर नाव सांगायची मला हौस होती.

"काका, चुना खरवडू या. खाली दगडावर अक्षरं स्वच्छ असतील."

काका घुटमळले. "बापानं कधी खरवडला नाय. दरसाल वरून नुसता चुन्याचा हात मारायचा. पण तुम्ही जाणकार."

त्यांनीच घरून पटाशी आणून दिली. पापुद्रे भराभर निघत गेले आणि खाली दगड लागला. कोरा! मी इकडे खरवडलं, तिकडे खरवडलं. अक्षरं दगडावर कोरलेली नव्हतीच. कुणीतरी ती पहिल्या ओल्या गिलाव्यावर काढली होती, आणि तो गिलावा माझ्या पायाशी भुकटी होऊन पडला होता. केरसुणी आणून काकांनी भुकटी गोळा केली.

संध्याकाळी माणसं धुतलेले कपडे घालून, मेणबत्त्या घेऊन आली. रोजरी संपली. प्रार्थना सांगणाऱ्या बाई थांबल्या आणि काकांकडे पाहू लागल्या. माझ्याकडे न बघता काका म्हणाले, "ज्यानं हा क्रूस उभा केला, त्याच्यासाठी." सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"देवाला ठाऊक हाय त्याचं नाव," नंतर काका म्हणाले. "तुम्ही जेवून जा, मास्तर." त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुण्याला पोचल्यावर बायकोनं विचारलं, "लागलं का नाव?"

"दगड कोरा निघाला," मी म्हणालो. पुढे कोणी विचारलं तरी तेच सांगत आलो, आणि ते खोटंही नाही. पण त्या सकाळी चौथऱ्यावर एका माणसाचं नाव होतं. आणखी एक सकाळ थांबलो असतो, तर मी ते वाचलं असतं.